विश्लेषण : पहिल्या मोटारीला तीनच चाके का होती? कार्ल बेंझ आणि वळणाचे न सुटणारे गणित

रिक्षा वेगात वळली की आत बसलेला प्रवासी आपोआप दांडी घट्ट धरतो. तीन चाकांवरची गाडी वळणावर कशी वागते, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. नेमका हाच प्रश्न सुमारे १४० वर्षांपूर्वी जर्मनीतील एका कर्जबाजारी इंजिनीअरपुढे होता. मोटारीचे जनक मानले जाणारे कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली गाडी तीन चाकांची होती. ती तशी होती याचे कारण हौस किंवा काटकसर नव्हते. चार चाकांची गाडी नीट कशी वळवायची, याचे पटणारे उत्तर त्यांच्याकडे नव्हते. ते सापडायला १८९३ साल उजाडले. तोवर त्यांनी तीन चाकांचीच गाडी बनवली आणि विकली.

कोण होते कार्ल बेंझ?

बेंझ यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८४४ रोजी म्युलबर्ग येथे झाला. हे गाव आता कार्ल्सरूह शहराचा भाग आहे. वडील योहान गेऑर्ग रेल्वे इंजिनाचे चालक होते. कार्ल दोन वर्षांचेही झाले नव्हते, तेव्हा न्यूमोनियाने वडिलांचा मृत्यू झाला. आई जोसेफिन यांनी हलाखीत दिवस काढले, पण मुलाचे शिक्षण थांबू दिले नाही. पंधराव्या वर्षी त्यांनी कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश मिळवला आणि १८६४ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी, ते यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून बाहेर पडले.

पुढची काही वर्षे नोकऱ्या बदलण्यात गेली. कार्ल्सरूहमधील यंत्रांचा कारखाना, मानहाइममधील वजनकाट्यांचा कारखाना, फोर्त्सहाइममधील पूल बांधणारी कंपनी असा प्रवास झाला. याच काळात त्यांना सायकलचा नाद लागला. तेव्हाची सायकल जड आणि बेभरवशाची होती. तरीही माणूस घोड्याशिवाय रस्त्यावरून जाऊ शकतो, हे त्या सायकलीने त्यांना दाखवले. पुढे त्यांनी मोटार बांधली, तेव्हा घोडागाडीला इंजिन जोडण्याचा सोपा मार्ग सोडून दिला. त्यांची गाडी दिसायला सायकलच्या जवळची होती, घोडागाडीच्या नव्हे.

कर्ज, जप्ती आणि बर्था यांचा पैसा

१८७१ मध्ये बेंझ यांनी आउगुस्ट रिटर या भागीदारासोबत मानहाइममध्ये कार्यशाळा सुरू केली. भागीदार भरवशाचा निघाला नाही. त्याचा वाटा विकत घेण्यासाठी पैसे हवे होते. ते बेंझ यांची वाग्दत्त वधू बर्था रिंगर यांनी आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या रकमेतून, लग्नाआधीच दिले. २० जुलै १८७२ रोजी दोघांचा विवाह झाला. मोटारीच्या इतिहासातील पहिली गुंतवणूकदार म्हणून बर्था यांचे नाव घेतले जाते, ते यामुळेच.

तरीही संकट टळले नाही. मंदीच्या काळात, १८७७ मध्ये, कर्जापोटी कार्यशाळेवर जप्ती आली. घरात लहान मुले होती. कमाईसाठी बेंझ यांनी एका जागी उभे राहून चालणाऱ्या गॅस इंजिनावर काम सुरू केले. १८७९ च्या शेवटच्या दिवशी, ३१ डिसेंबरला, त्यांचे टू-स्ट्रोक इंजिन नीट चालले. नव्या भागीदारांशी मात्र त्यांचे जमले नाही, कारण भागीदारांना कारखान्यात वापरायची इंजिने विकायची होती आणि बेंझ यांच्या डोक्यात गाडी होती. अखेर १ ऑक्टोबर १८८३ रोजी माक्स रोझ आणि फ्रीडरिश व्हिल्हेल्म एस्लिंगर यांच्यासह ‘बेंझ आणि कंपनी’ स्थापन झाली. इंजिनांच्या विक्रीतून घर चालू लागले आणि उरलेल्या वेळात गाडीचे काम सुरू झाले.

तीन चाकेच का?

हा प्रश्न समजण्यासाठी आधी घोडागाडी पाहावी लागते. मुंबईतील जुन्या व्हिक्टोरियासारख्या चारचाकी घोडागाडीत पुढची दोन चाके एकाच आसावर बसवलेली असत. हा संपूर्ण आस मधोमध एका खिळीभोवती फिरे. घोडा वळला की दांडीमागोमाग आस वळे. म्हणजे गाडी वळवण्याचे खरे काम घोडा करत असे आणि तोच आसाला योग्य दिशेत धरून ठेवत असे.

घोडा काढून टाकला की ही रचना अडचणीची ठरते. समजा, पुढच्या उजव्या चाकाखाली दगड आला. ते चाक मधल्या खिळीपासून दोन फूट दूर असेल, तर दगडाचा धक्का तेवढ्या लांबीची तरफ वापरून सगळा आस फिरवू पाहतो. त्याला विरोध करायला आता घोडा नसतो, फक्त चालकाचे हात असतात. शिवाय आस जितका जास्त वळेल, तितकी पुढची चाके गाडीच्या खाली सरकतात, टेकूचा पाया अरुंद होतो आणि गाडी कलंडण्याची शक्यता वाढते.

बेंझ यांना हा उपाय पसंत नव्हता. त्यांनी पुढचे एक चाकच काढून टाकले. उरलेले एकटे चाक सायकलप्रमाणे चिमट्यात बसवले. चाक आपल्याच खिळीच्या रेषेत असल्यामुळे दगडाला हाताशी झुंजायला लांब तरफ मिळत नव्हती. आणखी एक मोठी अडचण यातून आपोआप सुटली. गाडी वळते तेव्हा तिचे प्रत्येक चाक एका वर्तुळावर फिरते. टायर न घासता वळायचे असेल, तर सगळ्या चाकांच्या वर्तुळांचा मध्य एकच असावा लागतो. पुढे एकच चाक असेल तर असा मध्य नेहमीच मिळतो. पुढे दोन चाके आली की तो मुद्दाम जुळवून आणावा लागतो. ते जुळवण्याची पक्की पद्धत हाती येईपर्यंत तीन चाकांवर थांबायचे, असे बेंझ यांनी ठरवले.

त्या गाडीचे स्टिअरिंग कसे होते?

चालकासमोर एक उभा दांडा होता आणि त्यावर हाताने फिरवायची आडवी मूठ होती. दांड्याच्या खालच्या टोकाला लहान दातेरी चाक होते. ते एका दातेरी पट्टीला सरकवत असे आणि पट्टी पुढच्या चाकाचा चिमटा वळवत असे. आजच्या बहुतेक मोटारींतील ‘रॅक अँड पिनियन’ स्टिअरिंगचे तत्त्व हेच आहे.

इंजिन मागच्या चाकांवर होते. एक सिलिंडर, ९५४ घन सेंटिमीटर क्षमता, पाऊण अश्वशक्ती आणि मिनिटाला ४०० फेरे. गाडीचा कमाल वेग ताशी १६ किलोमीटर होता. मागच्या दोन चाकांमध्ये डिफरन्शियल होते. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते आणि आतल्या चाकाला कमी. दोन्ही चाके एकाच वेगाने फिरवली तर एक तरी फरफटत जाते. डिफरन्शियल दोघांना आपापल्या वेगाने फिरू देते.

वळणाची चिंता बेंझ यांच्या मनात किती खोल होती, हे इंजिनाच्या मोठ्या फ्लायव्हीलवरून दिसते. त्यांनी ते जड चक्र आडवे बसवले. फिरता भोवरा आपली दिशा बदलू देत नाही, कलवू पाहिले तर झटका देतो. उभे फिरणारे चक्र वळणावर गाडीला असाच झटका देईल, अशी त्यांना भीती होती. चक्र जमिनीला समांतर फिरत असेल तर गाडी वळताना त्याचा आस उभाच राहतो आणि हा त्रास होत नाही. इतक्या कमी वेगाच्या गाडीसाठी ही भीती अवाजवी होती. त्यांच्याच नंतरच्या गाड्यांत चक्र उभे आले.

एवढी काळजी घेऊनही गाडी सुरुवातीला हाताला दाद देत नव्हती. १८८५ मधील एका प्रात्यक्षिकात ती थेट भिंतीवर आदळली. बेंझ यांनी दुरुस्त्या केल्या, चाचण्या सुरू ठेवल्या आणि २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंटसाठी अर्ज दाखल केला. त्याचा क्रमांक ३७४३५. हा दस्तऐवज २०११ मध्ये युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत समाविष्ट झाला. ३ जुलै १८८६ रोजी मानहाइमच्या रिंगस्ट्रासवर ही गाडी लोकांसमोर धावली आणि स्थानिक वृत्तपत्राने तिची बातमी दिली.

टायर कसे होते?

पहिल्या गाडीची चाके सायकलसारखी तारांच्या आऱ्यांची होती आणि त्यांवर भरीव रबर चढवलेले होते. आपल्याकडे बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढवतात, तशी ही रबराची धाव म्हणता येईल. आत हवा नव्हती. भरीव रबर खड्ड्यात दबत नाही, त्यामुळे धक्का सरळ आऱ्यांना, चिमट्याला आणि चालकाच्या मनगटाला बसतो. पुढच्या चाकाला स्प्रिंगही नव्हती.

भरीव रबराची दुसरी अडचण पकडीची होती. हवा भरलेला टायर जमिनीवर थोडा पसरतो आणि खडबडीतपणा सामावून घेत जमिनीला चिकटून राहतो. भरीव टायर दगडावरून उडतो. उडालेले चाक तेवढा क्षण गाडी वळवू शकत नाही. चार चाकांच्या गाडीत पुढचे एक चाक उचलले गेले तरी दुसरे जमिनीवर असते. तीन चाकांत पुढे पर्यायच नसतो.

१८८८ चा प्रवास काय शिकवून गेला?

गाडीचे कौतुक झाले, पण गिऱ्हाईक मिळेना. बेंझ स्वभावाने परिपूर्णतेच्या मागे लागणारे होते. गाडी अजून तयार नाही, असेच त्यांना वाटत राहिले. ऑगस्ट १८८८ मध्ये बर्था यांनी पतीला न सांगता गाडी बाहेर काढली. १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिचर्ड या मुलांना घेऊन त्या मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरहून थोडे जास्त होते. इतक्या लांब मोटार तोवर कोणी नेली नव्हती.

वाटेत वीसलोख गावातील औषधांच्या दुकानातून त्यांनी लिग्रॉइन हे इंधन विकत घेतले. तुंबलेली इंधननळी टोपीच्या पिनेने साफ केली. उघड्या पडलेल्या तारेला मोज्याच्या पट्ट्याचे वेष्टन केले. ब्रेकचा ठोकळा झिजला तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले. चढावर मात्र इंजिन कमी पडले आणि मुलांना गाडी ढकलावी लागली. परतल्यावर चढासाठी आणखी एका गिअरची गरज असल्याचे त्यांनी सांगितले आणि बेंझ यांनी तो बसवला.

या प्रवासाने गाडीची उपयुक्तता सिद्ध झाली. सोबत तीन चाकांच्या मर्यादाही उघड्यावर आल्या. तेव्हाचे ग्रामीण रस्ते मातीचे होते आणि गाड्यांच्या चाकांनी त्यांवर दोन चाकोऱ्या पाडलेल्या असत. मागची दोन चाके चाकोरीतून धावली, तरी पुढचे एकटे चाक मधल्या उंचवट्यावर येई. तिथे घोड्यांच्या टापांनी उकरलेली माती आणि सुटे दगड असत. ज्या चाकावर दिशा अवलंबून, तेच रस्त्याच्या सर्वांत वाईट पट्ट्यावर!

योगायोग असा, की त्याच १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले. त्यांनी तो आपल्या लहान मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी बनवला होता. मोटारीखाली असे टायर रुळायला मात्र वेळ लागला. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशलँ बंधूंनी हवेच्या टायरवर मोटार धावू शकते, हे दाखवले. तोवर बेंझ यांना पकड आणि वळण या दोन्ही गोष्टी भरीव चाकांवरच सांभाळायच्या होत्या.

तीन चाकांची नेमकी कमजोरी कोणती?

तीन चाकांचे जमिनीवरचे बिंदू जोडले तर त्रिकोण तयार होतो. गाडीचे वजन या त्रिकोणाच्या आत टेकलेले असेपर्यंत ती उभी राहते. मागे दोन चाके असतील तर त्रिकोण मागे रुंद आणि पुढे निमुळता असतो. म्हणून बेंझ यांनी इंजिन आणि प्रवासी यांचा भार मागच्या आसाजवळ ठेवला. हा निर्णय योग्य होता, पण त्याची किंमत होती. पुढच्या चाकावर भार फार कमी राहिला. भार कमी म्हणजे पकड कमी. चढावर वजन आणखी मागे जाते आणि मूठ वळवूनही गाडी सरळच जाऊ पाहते.

उतारावर ब्रेक लावून वळले तर उलटे होते. वजन पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या भागात सरकते आणि वळणाचा जोर त्याला बाहेर ढकलतो. गाडी बाहेरच्या अंगाने, तिरकी पुढे कलंडू शकते. ताशी १६ किलोमीटरला हे चालून जाते. इंजिनाची ताकद वाढत गेली तसे ते धोक्याचे झाले. पॅरिसमधील विक्रेते एमिल रॉजर यांच्यामुळे फ्रान्समधून मागणी येऊ लागली होती आणि चार जणांना बसता येईल अशी गाडी ग्राहकांना हवी होती. चार माणसे तीन चाकांवर सुरक्षित वळवणे अवघड होते.

तिकडे प्रतिस्पर्धी चार चाकांवर पोहोचलेही होते. गॉटलीब डाइमलर यांनी १८८६ मध्येच चारचाकी घोडागाडीला इंजिन बसवले, पण तिचे वळण जुन्या फिरत्या आसाचे होते. १८८९ मध्ये त्यांचे सहकारी व्हिल्हेल्म माइबाख यांच्या गाडीत पुढची दोन चाके सायकलसारख्या दोन वेगळ्या चिमट्यांत बसवून एकमेकांना जोडलेली होती. डाइमलर आणि बेंझ यांची कामाची ठिकाणे फार दूर नव्हती, तरी दोघांची आयुष्यात भेट झाली नाही, असे मानले जाते.

१८९३ मध्ये काय बदलले?

बेंझ यांनी आसाचे तीन भाग केले. मधला भाग गाडीला पक्का जोडला, तो वळत नाही. दोन्ही टोकांना छोटे आस खिळीवर बसवले आणि प्रत्येकावर एक चाक. आज मेकॅनिक ज्याला किंगपिन म्हणतात, ती हीच खिळी. चाक खिळीच्या अगदी जवळ असल्याने दगडाच्या धक्क्याला मिळणारी तरफ दोन फुटांवरून काही इंचांवर आली. पुढची चाके आपापल्या जागीच वळत असल्याने टेकूचा पाया अरुंद होणेही थांबले.

आता प्रश्न उरला एका मध्याचा. वळताना आतले चाक लहान वर्तुळावर असते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळले पाहिजे. समजा, पुढच्या आणि मागच्या आसांत १.६ मीटर अंतर आहे, चाकांमध्ये १.२ मीटर आणि गाडी ५ मीटर त्रिज्येने वळते आहे. तर आतले चाक सुमारे २० अंश आणि बाहेरचे सुमारे १६ अंश वळायला हवे. दोन्ही सारखीच वळवली तर टायर घासतात आणि गाडी वळणाला विरोध करते. हा चार अंशांचा फरक चालकाने नव्हे, जोडणीनेच साधायला हवा. दांड्यांची लांबी आणि कोन ठरावीक ठेवले तर तो आपोआप पडतो. या रचनेला २८ फेब्रुवारी १८९३ पासूनचे ७३५१५ क्रमांकाचे जर्मन पेटंट मिळाले.

त्याच वर्षी बाजारात आलेल्या चारचाकी गाडीचे नाव होते ‘व्हिक्टोरिया’. वळणाच्या प्रश्नावर मिळवलेल्या विजयाची आठवण म्हणून हे नाव दिले, असे सांगितले जाते. १८९४ मध्ये टेओडोर फॉन लीबिग या तरुण कारखानदाराने व्हिक्टोरियातून बोहेमियातील रायशेनबर्गहून मानहाइममार्गे मोझेल नदीकाठच्या गोंडॉर्फपर्यंत ९३९ किलोमीटरचा प्रवास केला. मानहाइम ते फोर्त्सहाइम या प्रवासाला सहाच वर्षे झाली होती. त्यानंतर आलेल्या ‘वेलो’ या हलक्या, स्वस्त मॉडेलच्या सुमारे १,२०० गाड्या विकल्या गेल्या. तीनचाकीच्या सर्व मॉडेलांच्या मिळून जेमतेम २५ गाड्या बनल्या होत्या. एकोणिसावे शतक संपताना बेंझ यांची कंपनी जगातील सर्वांत मोठी मोटार उत्पादक होती.

ही कल्पना बेंझ यांचीच होती का?

पूर्णपणे नाही. म्युनिकमधील गाडी बनवणारे कारागीर गेऑर्ग लांकनश्पेर्गर यांनी १८१६ च्या सुमारास घोडागाडीसाठी अशीच रचना शोधली होती. त्यांच्या वतीने रुडॉल्फ आकरमन यांनी १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतले आणि म्हणून जग तिला आजही आकरमन यांच्या नावाने ओळखते. मूळ कारागीर विस्मरणात गेला. फ्रान्सच्या आमेदे बोले यांनी १८७३ मध्ये आपल्या वाफेवर चालणाऱ्या गाडीत प्रत्येक पुढचे चाक स्वतंत्र खिळीवर वळवले होते.

म्हणजे बेंझ १८८५ मध्ये तीन चाकांवर थांबले, तेव्हा त्यांच्या प्रश्नाचे उत्तर ६७ वर्षे जुन्या पेटंटमध्ये पडून होते. घोडा होता तोवर त्या उत्तराची निकड कुणाला भासली नाही. बेंझ यांनी ते स्वतःच्या वाटेने पुन्हा शोधले आणि हजारोंच्या संख्येने विकल्या जाणाऱ्या मोटारीत आणले. त्यांचे श्रेय तिथे आहे.

मग बेंझ स्वतःच्या कंपनीतून का बाहेर पडले?

तीन चाके सोडायला सबळ कारण मिळेपर्यंत न हलणारा हा माणूस पुढेही तसाच वागला. या वेळी ते अंगाशी आले. १९०१ मध्ये डाइमलर कंपनीने माइबाख यांनी रचलेली ३५ अश्वशक्तीची ‘मर्सिडीज’ आणली. ती लांब आणि रुंद होती, तिचा गुरुत्वमध्य खाली होता. वेगात वळताना ती रस्ता धरून राहत असे. तिच्यापुढे बेंझ यांच्या उंच, पट्ट्यावर चालणाऱ्या गाड्या एकाएकी जुनाट दिसू लागल्या. विक्री घसरली. बेंझ यांचा वेगाच्या स्पर्धेला विरोध होता. कंपनीतील भागीदार युलियस गान्स यांनी फ्रेंच रचनाकारांना कामावर घेतले. नाराज झालेल्या बेंझ यांनी जानेवारी १९०३ मध्ये रोजच्या कामातून अंग काढून घेतले. १९०४ मध्ये ते देखरेख मंडळावर परतले, पण गाड्या कशा असाव्यात हे ठरवणे आता त्यांच्या हाती नव्हते.

१९०६ मध्ये लाडेनबर्ग येथे त्यांनी मुलासोबत ‘बेंझ आणि पुत्र’ ही लहान कंपनी काढली आणि १९१२ मध्ये तीही मुलांकडे सोपवली. जिथे शिकले, त्या कार्ल्सरूहच्या संस्थेने १९१४ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १९२६ मध्ये डाइमलर आणि बेंझ या कंपन्यांचे विलीनीकरण झाले आणि एकेकाळचे प्रतिस्पर्धी एका नावाखाली आले. ४ एप्रिल १९२९ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, लाडेनबर्ग येथील घरी बेंझ यांचे निधन झाले. बर्था त्यांच्यानंतर १५ वर्षे जगल्या.

आजच्या रिक्षाशी याचा काय संबंध?

बेंझ यांनी तीन चाके सोडली, जगाने सोडली नाहीत. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीने १९४८ मध्ये स्कूटरवरून बेतलेली ‘आपे’ ही तीनचाकी आणली. भारतात बजाजची रिक्षा पुण्याजवळच्या आकुर्डीतून आणि पुढे वाळूजमधून देशभर पोहोचली. आपेचा भारतातील कारखाना बारामतीत आहे, तर मर्सिडीज-बेंझचा चाकणमध्ये. बेंझ यांनी सुरुवात केली ती तीनचाकी आणि ते जिथे पोहोचले ती चारचाकी, या दोन्हींचा वारसा एकट्या पुणे जिल्ह्यात शेजारी-शेजारी नांदतो आहे.

रिक्षा टिकली ती बेंझ यांना पटलेल्या कारणांमुळेच. पुढचे एकटे चाक अरुंद गल्लीत झटकन वळते, स्टिअरिंगची जोडणी साधी राहते, दुरुस्ती स्वस्तात होते. हवेचे टायर आणि स्प्रिंग यांनी पकड सुधारली. त्रिकोणाचा नियम मात्र तोच राहिला. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात शिरल्यावर जोरात ब्रेक दाबायचा नाही. मागच्या दोन्ही टायरमध्ये हवा सारखी ठेवायची, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. पुढच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर हँडल जड होते. सामान टपावर न चढवता खाली आणि मागच्या चाकांजवळ ठेवायचे. रिक्षाचालक हे अनुभवाने शिकतो. भिंतीवर आदळलेल्या पहिल्या गाडीपाशी उभे राहून बेंझ यांनाही ते तसेच शिकावे लागले होते.